शेल्टरच्या आधी कुणाची तरी मोरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोअर परळला चाळीत वन रूम किचन, आईला दमा, त्यामुळे घरात प्राणी आणता येत नाही. खाली उभ्या असणाऱ्या टेम्पोखाली कुत्री व्यालीय, चार पिल्लं, साधारण महिन्याची. दोन शेल्टरना फोन केला, दोघांनी जागा नाही म्हणून सांगितलं. पिल्लं कुठे द्यायची, आणि रविवारी वेळ असतो तर स्वयंसेवक म्हणून कुठे जायचं?

आधी पिल्लांचं. ती आत्ता कुठेच देऊ नका. दोन महिन्यांची होईपर्यंत पिल्लू आईजवळ राहायला हवं. दूध तर आहेच, पण किती जोरात चावायचं आणि कुठे थांबायचं हे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. महिन्याचं असताना उचललेलं पिल्लू पुढे घरातल्यांचे हात चावत सुटतं आणि "फार चावतो हो" म्हणून तीन महिन्यांनी परत येतं. अशी परत आलेली पिल्लं मी बघितली आहेत, आणि दुसऱ्यांदा त्यांना घर शोधणं फार जड जातं.

सध्या पोट भरायचं ते त्यांच्या आईचं. चिकनवाल्याकडून थोडी कलेजी आणा, भातात शिजवा. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर अजिबात नको. शेजारी पाण्याचं जड भांडं ठेवा, कलंडणार नाही असं. पिल्लांना गाई-म्हशीचं दूध घालू नका, कुणी प्रेमाने आणलं तरी थांबवा. त्यांना ते पचत नाही, हगवण लागते, आणि हगवण लागलेलं महिन्याचं पिल्लू दोन दिवसांत हातचं जातं. टेम्पोवाल्याशी बोलून ठेवा, की गाडी काढण्याआधी एकदा खाली वाकून बघ. जमलं तर जिन्याखाली खोकं ठेवून आईला खाण्याच्या मागे मागे तिथे न्या. जागा कोरडी वाटली की बहुतेक वेळा ती स्वतःच एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते.

आता शेल्टरचं. "जागा नाही" या उत्तराचा तुम्हाला राग आलाय, ते प्रश्नातून कळतंय. मलाही यायचा. पण मुंबईत आपण ज्याला शेल्टर म्हणतो तो मुळात दवाखाना असतो. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुमच्या घरापासून जवळच आहे. माझं सगळं लहानपण भोईवाड्यात गेलं, आम्ही कुणीच त्याला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल म्हटलं नाही. ते ज्या संस्थेचं आहे ती बीएसपीसीए, म्हणजे प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी काढलेली मुंबईची संस्था, १८७४ सालची. तेव्हा ट्रामचे घोडे आणि गाडीचे बैल यायचे म्हणून ते नाव पडलं असावं. आज तिथे दारात गाडीने उडवलेली कुत्री, माळ्यावरून पडलेली मांजरं, मांज्याने पंख कापलेल्या घारी, सगळे एका रांगेत असतात. अशा ठिकाणी धडधाकट, लस न झालेलं पिल्लू ठेवणं म्हणजे तान्हं बाळ साथीच्या वॉर्डात ठेवण्यासारखं आहे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या नाक्यावर कुणीतरी खोक्यात दोन पिल्लं सोडली होती. मी टॅक्सी करून ती एका शेल्टरला नेली, फॉर्म भरला, पैसे दिले आणि हलकी होऊन घरी आले. सहाव्या दिवशी फोन आला. पार्व्हो, पिल्लांना उलट्या-हगवणीने मारणारा साथीचा रोग. एक गेलं होतं, दुसरं त्याच रात्री गेलं. पार्व्होचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून जमिनीवर पडतो आणि तिथे महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनेलने तो मरत नाही, ब्लीच लागतं. त्या शेल्टरचं नाव मी कधीच घेत नाही, कारण तिथल्या पोरांनी दोन रात्री जागून सलाईन लावलं होतं. तिथे ती पिल्लं मी नेली होती. माझ्या घरात मोरी होती, ती मला सुचलीच नाही.

पुढच्या वर्षी एक काळी मादी सापडली, दोन महिन्यांची असेल. ती मी मोरीत ठेवली. चाळीतली मोरी तुम्हाला माहीतच आहे, चार फूट बाय तीन फूट, कठडा गुडघ्याएवढा. खाली गोणपाट, त्यावर वर्तमानपत्रं, एका कोपऱ्यात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. पहिली रात्र ती ओरडत राहिली. शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या, मला वाटलं आता भांडण होणार, तर त्या हातात जुना स्वेटर घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "हे घाल खाली, तिला माणसाचा वास हवाय." खरंच झोपली. तिसऱ्या दिवसापासून माझ्या चपलेचा आवाज ओळखायला लागली, कठड्यावर पुढचे दोन पाय ठेवून उभी राहायची. दोन आठवडे झाले, पोट बिघडलं नाही, पहिली लस झाली, गोचिडी निघाल्या. मग तिचे फोटो काढून सगळीकडे पाठवले. काळ्या आणि त्यातून मादी पिल्लाला घर मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, का ते देव जाणे. शेवटी परळच्याच एका हॉस्पिटलातल्या नर्सताईंनी नेली. आज ती त्यांच्या बदलापूरच्या घरी गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर पहारा करते.

याला आमच्यात फॉस्टर करणं म्हणतात, आणि या शहरात सगळ्यात जास्त तुटवडा त्याचाच आहे. पैसे देणारे मिळतात, खायला घालणारे मिळतात. "दोन आठवडे माझ्याकडे राहू दे" म्हणणारा माणूस मिळत नाही. त्यामुळे पुढच्या महिनाभरात तुम्ही शेल्टरचे नंबर फिरवण्यापेक्षा अशी एक-दोन घरं शोधा. आईला दमा असेल तर तुमच्या घराचा विचारही करू नका, मनाला लावूनही घेऊ नका. पण चाळीत एखादी बंद खोली असते, कुणी गावाला गेलेलं असतं, वर्कशॉपचा मागचा भाग असतो. एका घरात दोन आणि दुसऱ्यात दोन अशी पिल्लं ठेवली तरी चालतील.

लसीचा हिशोब डोक्यात असू द्या. सहा ते आठ आठवड्यांची झाली की पहिली लस, त्यात पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा दुसरा जीवघेणा साथीचा रोग) दोन्ही येतात. मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत खाली सोडायचं नाही, हे नेणाऱ्यालाही बजावून सांगा.

दत्तक देताना मात्र मन घट्ट करा. "लहान मुलाला वाढदिवसाला द्यायचंय" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. घरातल्या प्रत्येकाशी बोला, खास करून घरात दिवसभर जे असतं त्यांच्याशी, कारण शू-शी त्यांनाच पुसायची असते. एकदा घरी जाऊन या. वरच्या मजल्यावर मांजर देत असाल तर खिडक्यांना जाळी बघितल्याशिवाय देऊ नका. मोठं झाल्यावर नसबंदी करीन हे लिहून घ्या, आणि सहा महिन्यांनी फोन करून आठवण द्या. भाड्याने राहणाऱ्यांना घरमालक काय म्हणतो ते आधी विचारा. सोसायटीची भीती बऱ्याच जणांना असते. त्यांना सांगा, की प्राणी पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू देणार नाही असंही म्हणता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच हे स्पष्ट केलंय. आणि नंतर नको झालं म्हणून रस्त्यावर सोडून देणं हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हेही सांगा. त्या कायद्यातला दंड पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये आहे. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, ज्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही. चार पिल्लांना घरं मिळाली, फार छान. पण त्यांची आई तिथेच आहे, आणि सहा-सात महिन्यांनी ती परत व्यायेल. कुत्रीचा गरोदरपणा जेमतेम दोन महिन्यांचा असतो. पिल्लं दुधावरून सुटली की तिची नसबंदी करून घ्या. महालक्ष्मीला वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज ही संस्था १९८५ पासून आहे, तुमच्यापासून जवळ. देवनारला इन डिफेन्स ऑफ अ‍ॅनिमल्स, मालाडला अहिंसा. पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइन नंबरवर तक्रार नोंदवली तरी विषय पुढे सरकतो. ऑपरेशन आणि रेबीजची लस झाली की कानाला खाच पाडतात आणि कुत्रीला जिथून उचललं तिथेच आणून सोडतात. दुसरीकडे सोडणं नियमात बसत नाही. घेऊन जाताना गाडी आली की तुम्ही तिथे हजर राहा, फोटो काढा, परत कधी आणणार ते विचारा. ओळखीचं माणूस समोर असलं की ती कमी घाबरते आणि परत आणायच्या वेळी गल्लीही चुकत नाही.

शेजारी म्हणतील, ऑपरेशन कशाला, उचलून लांब टाका. त्यांच्यावर चिडू नका, समजावून सांगा. या शहराने कुत्री मारूनही बघितली आहेत. १८३२ साली इंग्रजांनी भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. त्यानंतरही कित्येक वर्षं मारणं चालूच होतं, १९९४ च्या सुमारास पालिकेने ते सोडून नसबंदीचा रस्ता धरला. कारण साधं आहे. कचरा तिथेच असला की रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारच्या गल्लीतली नवी कुत्री येतात, बिनलसीची, अनोळखी. ओळखीची, लस झालेली, पिल्लं न होणारी कुत्री गल्लीत असणं हे गल्लीतल्या मुलांसाठीही जास्त सुरक्षित आहे.

खायला घालण्यावरून वाद होणार हे धरून चला. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबद्दलचे केंद्र सरकारचे २०२३ चे नियम आहेत, त्यांच्याप्रमाणे सोसायटीने खायला घालायची जागा ठरवून द्यायची असते, जिना, मुख्य दार आणि मुलं खेळतात ती जागा सोडून. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलेल्या जागीच खायला घाला असं सांगितलं. त्यामुळे जिन्याखाली फक्त खोकं, जेवण चाळीच्या मागच्या बाजूला, वेळ ठरलेली, आणि खाऊन झालं की जागा झाडून घ्यायची. झाडलेली जागा दिसली की निम्मी भांडणं होतच नाहीत.

आणि रविवार. संस्थेत जाल तेव्हा पहिले दोन-तीन महिने कुत्र्यांना कुरवाळायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पिंजरे धुवायचे असतात, चादरी पिळायच्या असतात, ड्रेसिंग चालू असताना डोकं धरून उभं राहायचं असतं. तिथे लोकलखाली कंबर गेलेली कुत्री असतात. त्यांना स्वतःहून लघवी होत नाही, दिवसातून दोन-तीनदा पोटाखालून हलकेच दाबून काढावी लागते. मला ते शिकायला चार रविवार लागले. डॉक्टर माझ्या हातावर हात ठेवून म्हणायचे, "फुगा शोधा, दाबू नका, आधी फक्त शोधा." ज्या दिवशी बोटांना तो फुगा लागला आणि धार आली, त्या कुत्र्याने सुटकेचा एक लांब श्वास सोडला. अजून आठवतो मला तो.

जाण्याआधी स्वतःला रेबीजची आगाऊ लस टोचून घ्या, तीन डोस असतात. ती घेतलेली असली तरी चावल्यावर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि डॉक्टरकडे जाऊन पुढचे डोस घ्यायचेच. घरी आल्यावर कपडे वेगळे धुवा, चपला ब्लीचच्या पाण्यातून काढा आणि मगच खालच्या पिल्लांजवळ जा, नाहीतर पार्व्हो तुमच्याच पायाने घरी येईल. आणि कुत्र्याचं औषध मांजराला, माणसाचं औषध कुणालाच देऊ नका. तापाची साधी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

पिल्लं महिन्याची म्हणालात, म्हणजे अजून तीन-चार आठवड्यांनी लसीला न्यायची वेळ येईल. टॅक्सीवाले कुत्रं बघून नाही म्हणतात, तिसरा-चौथा तयार होतो, तेवढा वेळ हातात ठेवून निघा. खोकं मोठं घ्या, चौघं एकत्र मावतील असं, तळाला गोणपाट, आणि आईखालचं एखादं फडकं त्यात टाका. त्या दिवशी सोबत कुणी नसेल तर इथेच लिहा, भोईवाड्याहून मी येते.