बाबांचं पदक

काकू,

मी धायरीला राहते. मोठी मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. धाकटा तीन वर्षांचा. पाडव्याला गावाहून सासूबाई आल्या आहेत, अक्षय तृतीयेपर्यंत राहतील. मुलांवर त्यांचा जीव आहे, पण घराची शिस्त पार गेली. गॅलरीत कुरडया, बेडरूममध्ये साबुदाण्याच्या पापड्या, मुलं जेवायच्या वेळेला चीक खाऊन बसलेली. काही बोललं की म्हणतात, आमचा मुलगा असाच वाढला.

परवा मुलांच्या कपाटात मुंग्यांची रांग लागली. शोधलं तर मोठीच्या जुन्या कंपासपेटीत पाडव्याच्या साखरगाठीचं पदक निघालं. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेलं, पाघळून चिकट झालेलं. म्हणे बाबांसाठी ठेवलंय. मी फेकून दिलं. त्यावरून तिनं जो आकांत केला तो अख्ख्या मजल्यानं ऐकला. चॉकलेट देऊ केलं तर हात मागे घेतला. चार दिवस झाले, माझ्याशी धड बोलत नाही. आणि सासूबाई तिच्यासमोरच मला म्हणाल्या, "फेकायची काय घाई होती?"

ह्यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. चाकणला कंपनीत अकाउंट्सला आहेत, मार्च एंड होता, पाडव्याला गुढी उभारून लगेच गेले, मार्चचे रविवारही तिकडेच. आता ऑडिट चालू आहे. सकाळी सातला उठून साडेसातला निघतात, घरी यायला रात्रीचे साडेदहा होतात. मी त्याआधी दोघांना झोपवून ठेवते, म्हणजे ह्यांना दोन घास शांतपणे खाता येतात. उन्हामुळे पाडव्यानंतर सकाळची शाळा झाली, पावणेसातला रिक्षा येते, त्यामुळे तसंही लवकर झोपवावंच लागतं.

सासूबाईंना न दुखावता कसं सांगू? आणि मुलीचा हा हट्ट कसा मोडू?

एक वैतागलेली आई
१० एप्रिल

---

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चहा पिताना, आणि दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन. (मूळ पत्र चांगलं मोठं होतं. छापताना कुरडयांचा बराच मजकूर मी गाळलाय. तू ओळखशीलच.)

पेन्सिल कशाला, तर हिशोब मांडायला. यंदा पाडवा १९ मार्चला झाला. तू पत्र लिहिलंस १० एप्रिलला. म्हणजे दोन्ही दिवस धरून २३ दिवस. लेक पावणेसातला रिक्षात बसते, बाप सातला उठतो. बाप साडेदहाला दार वाजवतो, लेक त्याआधीच झोपलेली असते. रविवार आले तीन. त्यातले मार्चचे दोन कंपनीनं नेले. राहिला ५ एप्रिल, त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मी गृहीत धरते की बिचारा झोपला असेल. पाडव्याची सकाळ मिळवली, तर २३ दिवसांत बाप आणि लेक एकाच घरात एकाच वेळी जागे होते असा एक दिवस आणि वर थोडी सकाळ.

हा हिशोब तू केला नाहीस. सहा वर्षांच्या पोरीनं केला. तिला बेरीज जेमतेम येत असेल, पण बाबा पदक खायला भेटणार नाहीत एवढं तिला १९ तारखेलाच कळलं होतं. म्हणून तर तिनं ते ठेवलं.

आणि कसं ठेवलं ते बघ. धाकट्यानं आपली गाठी दुपारपर्यंत फस्त केली असणार. तीन वर्षांचं पोर दुसरं काय करणार! पोरं गाठी गळ्यात घालतात, ती छातीवर चिकटते, कडेच्या बारक्या कवड्या आधी चोखून संपतात आणि मधलं मोठं पदक सगळ्यात शेवटी. ते खायचं म्हणून तर बाकीचं भराभर संपवायचं असतं. हिनं नेमकं तेच काढून ठेवलं. जमिनीवर पडलेला तुकडा नव्हे, धाकट्याचा उष्टा नव्हे. स्वतःच्या गाठीचं पदक. दोऱ्यातून सोडवलं, कागद शोधला, गुंडाळलं, आणि जिथं आपला हात जाणार नाही अशा जागी लपवलं. तुझ्यापासून नाही गं, स्वतःपासून. तीनेक आठवडे साखर कपाटात असताना तिला हात न लावणारं मूल हट्टी आहे असं तू मला लिहितेस?

गेल्या वर्षी पाडवा ३० मार्चला होता. रविवार होता, पण अकाउंट्सवाल्याला ३० मार्चचा रविवार कुठला? तेव्हाही तो घरी नसणार असं मला वाटतं. पोरं अशा गोष्टी तारखेनं लक्षात ठेवत नाहीत. गुढीचा वास, कडुलिंबाची ती कडू गोळी थू करून टाकायची, आणि बाबा नसायचे, असं सगळं एका पुडीत बांधलेलं असतं.

आता मार्च एंड. तो कृपा करून मला शिकवू नकोस. मी एका सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी कॉम्प्युटर यायच्या आधीची. ३१ मार्चच्या रात्री लेजरांच्या थप्प्या, वडापावाचे तेलकट कागद, आणि जुळत नसलेला ताळेबंद. आमचे मॅनेजर सांगायचे, फरकाला नऊनं भागून बघा. भाग गेला तर कुठंतरी आकडे उलटे पडलेत. एकदा २७ रुपयांचा फरक रात्री दोनपर्यंत सापडेना. शेवटी निघालं काय, तर कुणीतरी ३६ च्या जागी ६३ लिहिले होते. आणि एक तारखेला लोकांना बँक बंद म्हणून सुट्टी वाटायची तेव्हा आम्ही आत बसून वर्ष बंद करत असायचो. साहेबानं १८६७ साली इथलं हिशोबाचं वर्ष एक एप्रिलला नेऊन बांधलं, तेव्हापासून कैऱ्या आणि ताळेबंद एकाच वेळी पिकतात. आपले जुने व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला वह्या बदलायचे. निदान फराळाला तरी घरी असायचे.

तर काम खरं असतं, मला मान्य आहे. धायरी ते चाकण रोजचं जाणं-येणं, त्यात नवले पुलाची कोंडी, म्हणजे माणूस घरी येतो तेव्हा त्याच्यात बोलायचा जीव नसतो, हेही मान्य. त्याचं मी काय ऐकायचं ते ऐकलं असतं, पण पत्र त्यानं लिहिलेलं नाही. पत्र तू लिहिलंस, म्हणून तुझ्याशी बोलते.

तुझ्या पत्रातही आकडे उलटे पडलेत. सासूबाईंना पानंच्या पानं, आणि नवऱ्याला शेवटचा एक परिच्छेद. त्यातही माझ्या डोळ्यांत खुपलं ते एकच वाक्य. "मी त्याआधी दोघांना झोपवून ठेवते, म्हणजे ह्यांना दोन घास शांतपणे खाता येतात." शाळेचं कारण तू त्याच्या पाठोपाठ जोडलंस, "तसंही" म्हणून. म्हणजे खरं कारण पहिलं. नवऱ्याला मुलांचा त्रास होऊ नये म्हणून तू रोज रात्री मुलांना त्याच्या वाटेतून उचलून ठेवतेस. पाण्याची बाटली, चार्जर, मुलं. हे तुला कुणी सांगितलं होतं? त्यानं सांगितलं होतं? तसं असतं तर तू लिहिलं असतंस. मला वाटतं, तूच आपल्या मनानं ठरवलंस, आणि त्यालाही हळूहळू सवय झाली. शांत जेवण कुणाला नको असतं?

माझ्या घरी हे काम माझ्या सासूबाई करायच्या. आणि तो दमून येणारा माणूस मी होते. तेव्हा आम्ही वाड्यात राहायचो. मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की त्या मुलाला आठ वाजताच झोपवायच्या. "आईला त्रास द्यायचा नाही, आईचं क्लोजिंग आहे." मला त्यांचे उपकार वाटायचे. मी घरी येऊन गार झालेली आमटी चुलीवर ठेवायची, झोपलेल्या पोराच्या कपाळावरून हात फिरवायचा आणि स्वतःला फार चांगली आई समजायची. एका वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी पाचला घरी आले. मुलगा अंगणातून आला, पाय धुळीनं माखलेले, सँडलच्या पट्ट्याचं बक्कल अडकलेलं. मी पायरीवरच बसले होते, त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि एका पायावर लंगडत आत गेला. आजीकडून बक्कल सोडवून घ्यायला.

रुसवा नव्हता, राग नव्हता. त्याला सुचलंच नाही की हे काम माझ्याकडेही होण्यासारखं आहे.

तुझी लेक अजून तिथवर आलेली नाही. ती अजून पदक ठेवते आहे. अजून आकांत करते आहे, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा. आणि त्या आकांताला तू हट्ट म्हणतेस, तो मोडायचा कसा ते मला विचारतेस, मध्ये चॉकलेट पुढे करतेस! चॉकलेट तिला होतं गं. पदक बाबांना होतं. तिनं हात मागे घेतला नसता तर मला काळजी वाटली असती.

तर करायचं एवढंच. हे ज्या दिवशी वाचशील, त्या रात्री मुलीला झोपवू नकोस. धाकट्याला झोपव, तो पेंगतोच. तिला सांग, बाबा आले की दार तू उघडायचं. बस. साडेनऊला ती डोळे चोळेल, दहाला सोफ्यावर लुढकेल. लुढकू दे, पण बेल वाजली की उठव. आणि दार उघडल्यावर तू स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाहीस. "अहो, आज ही झोपलीच नाही हो" असं म्हणायचं नाही. दिलगिरी नाही, स्पष्टीकरण नाही. पदकाचं काय झालं ते तिचं तिला सांगू दे. मुंग्या, कंपासपेटी, आईनं फेकलं, सगळं. तुझं नाव खराब होईल थोडं. होऊ दे, फेकलंस ना तू?

नवऱ्याला आधी फोन करून तयार करायचं नाही, हेही सांगून ठेवते. "ती जागी आहे हं, जरा बोला तिच्याशी" असा फोन तू करशील हे मला दिसतंय. करू नकोस. त्याला दारात उभं राहून ऐकायचं ते ऐकू दे. बॅग खांद्यावर, बूट पायात, आणि समोर त्याच्या वाटणीचं पदक तीन आठवडे राखून ठेवलेली पोर. पुढे काय करायचं ते त्याला कळत नसेल तर मला पुन्हा पत्र लिही. मग त्याच्याशी मी बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा बुडाली तर बुडू दे. पहिलीतल्या मुलीचा एक दिवस बुडाल्यानं काही अडत नाही. ती उशिरा उठेल, सातच्या पुढे. तोवर तिचा बापही उठलेला असेल. निघायच्या आधी अर्धा तास आहे त्याच्याकडे. तू त्या अर्ध्या तासात खाली जाऊन भाजी घेऊन ये. खरंच जा. घरात राहिलीस तर त्याला टूथपेस्ट कुठली आणि हिची वेणी कशी ते सांगत बसशील.

नवी गाठी शोधत फिरू नकोस. पाडवा झाला की बाजारातून ती उठते, आणि मिळाली तरी ती विकतची असेल, तिची नसेल.

आता सासूबाई. चार दिवसांत त्या घरात अचूक बोललेलं वाक्य एकच, "फेकायची काय घाई होती?" मुलीसमोर बोलल्या म्हणून तुला झोंबलं, ते समजू शकते. पण त्या बाईंनी कंपासपेटीतलं पदक तुझ्याआधी पाहिलं होतं अशी मला दाट शंका आहे. एकदा विचारून बघ. पापड्यांची चादर बेडरूममधून हलवायची असेल तर तसं सरळ सांग, "आई, ही गॅलरीत घालूया, मी धरते दुसरं टोक." धरायला मात्र जा. चीक जेवायच्या आधी खाल्ला तर त्या दिवशी जेवण कमी जाईल, इतकंच. कुरडयांचा चीक वर्षातून किती दिवस शिजतो? पोरांनी खाल्ला नाही तर काय वाळवून टाकायचा सगळा?

आणि मुंग्यांसाठी औषध फवारू नकोस, मुलांचे कपडे आहेत त्या कपाटात. रांग ओल्या फडक्यानं पुसून घे, साबणाचं पाणी चालेल. कंपासपेटी गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळव आणि तिला परत दे. अक्षय तृतीयेपर्यंत घरात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या आंब्याच्या डाळीचे आणि बत्ताशांचे पुडे येत राहतील. त्यातलं काही तिला ठेवायचं असलं, तर पेटी एका ताटलीत पाणी घालून त्यात ठेव. मुंगी पाणी ओलांडत नाही.