शेवट ठाऊक असलेली प्रेमकथा

प्रश्न : आजारपणाच्या काळात मी अमेरिकेतल्या छोट्या गावांत घडणाऱ्या, ख्रिस्ती श्रद्धेच्या पार्श्वभूमीवरच्या प्रेमकादंबऱ्या वाचू लागले. त्यांत शृंगार जवळजवळ नसतो आणि शेवट पहिल्याच प्रकरणात कळतो, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही. घरातले हसतात. माझी अभिरुची घसरली आहे का?
– एक वाचक

उत्तर : अभिरुची घसरल्याची शंका आपण खुशाल सोडून द्या. शेवट ठाऊक असणे हा या प्रकारातला दोष नसून तो लेखक आणि वाचक यांच्यातला करारच आहे. दोघे एकत्र येणार हे नक्की असल्यामुळे वाचकाचे लक्ष ‘काय होईल’ यावरून उठते आणि ‘हा माणूस स्वतःला क्षमा कधी करील’ यावर स्थिरावते.

या प्रवाहाला मोठा वाचकवर्ग मिळवून देणारी कादंबरी म्हणून कॅनडाच्या जनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’चे (1979) नाव घेतले जाते. ती गावातली नसून माळरानावरची आहे, पण पुढच्या कित्येक कथांचा साचा तिच्यात सापडतो. पश्चिमेकडे निघालेल्या मार्टीचा नवरा वाटेतच अपघाताने जातो; हिवाळा तोंडावर, जवळ काही नाही. आईवेगळ्या लहान मुलीला सांभाळणारा क्लार्क तिच्यापुढे लग्नाचा प्रस्ताव ठेवतो आणि वसंतात परत जावेसे वाटले तर प्रवासाचा खर्च आपण देऊ, असा शब्दही देतो. लग्न आधी आणि प्रेम नंतर, हा क्रम एकदा मान्य केला की स्पर्शाला घाई उरत नाही आणि साध्या विचारपूशीलाही वजन येते. 1997 साली हार्लेक्विन या प्रेमकादंबऱ्यांच्या प्रकाशनसंस्थेने अशा श्रद्धाप्रधान कथांसाठी ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही स्वतंत्र मालिका सुरू केली, तेव्हा हा वाचक किती मोठा आहे हे धंद्याच्या गणितातही मान्य झाले, असे म्हणता येईल.

छोटे गाव या कथांत केवळ देखावा म्हणून येत नाही. समजा, वडिलांच्या निधनानंतर घर विकायला परतलेली एक स्त्री चर्चचे छप्पर दुरुस्त करणाऱ्या विधुर सुताराची शिडी धरून उभी आहे. तो खाली उतरताना तिच्या हाती हातोडा देतो, बोटे क्षणभर लागतात, आणि संध्याकाळपर्यंत पोस्टातल्या बाईंपासून पाद्रींपर्यंत सर्वांना ते कळलेले असते. मोठ्या शहरात या क्षणाला कोणी साक्षीदारच नसता. येथे मात्र गावाची नजर त्या दोघांना आपल्या भावनेची जबाबदारी घ्यायला लावते. शृंगार वगळल्याने कथा कोमट होते, हा आक्षेप मला म्हणूनच अर्धवट वाटतो. संयम जितका कडक, तितका हात लागण्याचा क्षण मोठा.

श्रद्धेचे म्हणाल, तर ती आपली नसली तरी तिचा कथेतला उपयोग आपल्याला समजतो: ती पात्राला स्वतःशी खरे बोलायला एकांत देते. प्रार्थनेत माणूस जे कबूल करतो, ते तो प्रेयसीपुढे पन्नास पानांनंतर करतो, आणि तोवर ते गुपित वाचकाकडे असते.

मात्र या गावांचे सगळेच चित्र विश्वासार्ह नाही, हेही सांगायला हवे. अनेक पुस्तकांतले गाव इतके स्वच्छ असते की तिथे भांडणारा शेजारी केवळ गैरसमजापोटी भांडतो आणि गरिबी फक्त नायिकेच्या गळक्या छपरापुरती उरते. धार्मिक संस्थेकडून दुखावलेली माणसे तर या गावांत क्वचितच राहतात. शिवाय सुमार लेखकाच्या हाती श्रद्धा ही सुटकेची पळवाट होते. तेव्हा पुस्तक निवडताना एवढे पाहावे, की पात्राच्या प्रार्थनेला नकार मिळण्याची मुभा लेखकाने ठेवली आहे का. जिथे प्रार्थना संपताच पुढच्या पानावर घरावरचे कर्ज फिटते, ते पुस्तक घरातल्यांना हसायला खुशाल देऊन टाकावे.