निवृत्तीनंतर दिवस खायला उठतो तेव्हा

‘ह्यांना निवृत्त होऊन सात महिने झाले. पहिले दोन महिने मजेत गेले. आता सकाळपासून चिडचिड, दुपारी झोप आणि रात्री टक्क जागे. एखादा छंद लावून घ्या म्हटलं, तर चित्रकलेचा वर्गही तीन आठवड्यांत सोडला. आता हे असंच चालणार का?’

अशी तक्रार घेऊन समुपदेशकाकडे बहुतेक वेळा बायकोच येते. ज्याचं काम सुटलेलं असतं, त्याच्या मते त्याला काहीच झालेलं नसतं. अशा अनेक जोडप्यांच्या अनुभवांतून उभं केलेलं हे एक प्रातिनिधिक जोडपं. ते गृहस्थ कारखान्यात देखभाल विभागाचे प्रमुख होते. यंत्र बंद पडलं की पहिला फोन त्यांना जायचा. पत्नीनं घर सांभाळलं होतं.

पहिल्या भेटीत सल्ला दिला जात नाही, आधी चाळणी लावली जाते. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं सलग दोन आठवडे जवळजवळ रोज असेल, भूक आणि झोप बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. ज्येष्ठांसाठी पंधरा हो-नाही प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तीत पाचाच्या वर गुण आले की पुढची तपासणी करून घ्यायची. थायरॉइडची कमतरता, बी-१२ ची कमतरता आणि रक्तक्षय यांचा थकवा हुबेहूब उदासीसारखा दिसतो, म्हणून रक्ततपासणीही सांगितली जाते. ऐकू कमी येणारा माणूस गप्पांतून अंग काढून घेतो आणि घरच्यांना तो ‘तुसडा’ वाटू लागतो. त्यामुळे कानही तपासायचे. दारूची वेळ अलीकडे सरकत चालली आहे का, हे स्पष्ट विचारायचं. मरणाचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. या गृहस्थांचे गुण चार आले, रक्त ठीक होतं. म्हणजे प्रश्न आजाराचा नव्हता, घडी विस्कटल्याचा होता.

मग इतका त्रास का? होम्स आणि राही या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ बदलांना ताणानुसार गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १०० वर, लग्न ५० वर आणि निवृत्ती ४५ वर, यादीत दहावी. ते आकडे म्हणजे कुणाचं भविष्य नव्हे. पण निवृत्तीचा समारंभ होतो, हार घातले जातात, आणि त्यानंतर जड गेलं की माणूस स्वतःलाच बोल लावतो, म्हणून ही यादी दाखवायला बरी पडते.

याहून कामाची मांडणी समाज-मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा यांची. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारियेनथाल गावची गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. हाताशी वेळच वेळ, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं आणि पुरुष रस्त्यानं संथ चालू लागले, असं याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं. पगाराखेरीज काम आणखी पाच गोष्टी देतं, असं त्यांनी पुढे मांडलं: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सगळ्यांचं मिळून एक उद्दिष्ट, समाजात ओळख आणि हालचाल. निवृत्तीत या पाचही एकाच दिवशी जातात. पण प्रत्येकाला पाचही सारख्याच बोचत नाहीत. कुठली बोचते हे शोधल्याशिवाय ‘छंद लावून घ्या’ म्हणणं म्हणजे नंबर न तपासता दुसऱ्याचा चष्मा चढवणं.

ते शोधायला आठवडाभराची नोंद पुरते. साध्या वहीत तासागणिक एक ओळ: काय केलं, किती बरं वाटलं (० ते १०) आणि हातून काही झाल्यासारखं किती वाटलं (० ते १०). तासाचं तासाला लिहायचं; रात्री आठवून लिहिलं तर सगळा दिवस एकाच रंगाचा होतो. दोन आकडे वेगळे का, ते या गृहस्थांच्या वहीत दिसलं. टीव्हीला तीन आणि शून्य. जुन्या सहकाऱ्याच्या फोनला आठ, पण पुढच्या तासाला एक, कारण तिकडे सगळं आपल्याविना सुरळीत चाललंय हे फोन ठेवल्यावर आतून टोचायचं. शेजाऱ्यांचा गळका नळ दुरुस्त केला त्याला ‘बरं वाटलं’मध्ये फक्त पाच, पण ‘हातून झालं’मध्ये नऊ. चित्रकलेत पहिला आकडा चांगला होता, दुसरा एक. वर्ग का सुटला, याचं उत्तर तिथेच होतं. आपण गेलो नाही तर कुणाचं काही अडत नाही, हे त्यांना सोसत नव्हतं. सकाळचे अकरा ते एक आणि दुपारचे चार ते सहा सर्वांत खाली; कामावर असताना या वेळा फेरी आणि पाळी बदलण्याच्या होत्या.

म्हणून ठरलं ते असं: ठरलेला वार, ठरलेली वेळ, घराबाहेरची जागा आणि तिथे वाट पाहणारं कुणीतरी. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांना यंत्रदुरुस्तीचा सराव द्यायचा, आठवड्यातून दोन दिवस, अकरा ते एक. इथे घात होतो तो उत्साहाचा. तिसऱ्या आठवड्यात ते रोज जाऊ लागले, शिक्षकांच्या पद्धतीत सुधारणा सुचवू लागले, आणि वातावरण तापलं. पुन्हा दोन दिवसांवर आणलं आणि दोन पथ्यं घातली: पहिले सहा महिने कुठलंही पद किंवा समिती घ्यायची नाही, आणि न विचारता सल्ला द्यायचा नाही.

झोपेचं गणित सोपं होतं. दुपारी दोन तास झोपणाऱ्याला रात्री भूक नसल्यासारखी झोपच नसते. उठायची वेळ रोज एकच ठेवली, सुटी असो वा रात्र वाईट गेलेली असो. दुपारची झोप तीनच्या आत आणि गजर लावून वीस ते तीस मिनिटं. सकाळी उजेडात भरभर अर्धा तास चालणं, आठवड्यातून पाच दिवस. त्यानं दीडशे मिनिटांचा किमान व्यायाम भरतो.

खरा गुंता घरात होता. त्यांनी स्वयंपाकघरातली फळी ‘शास्त्रशुद्ध’ लावली होती, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, फोनवर कोण होतं हे विचारत होते. ‘इतकी वर्षं हे घर काय ह्यांच्या मार्गदर्शनाखाली चालत होतं?’ पत्नी म्हणाल्या. बाईंचं म्हणणं रास्त होतं. त्या घरात काम करत आल्या होत्या आणि तिथे अचानक एक निरीक्षक नेमला गेला होता. त्यांच्याशी एक भेट एकटीची घेतली, कारण नवऱ्यासमोर ‘मला थोडा वेळ घर एकटीला हवंय’ हे तोंडातून निघत नाही.

दोघांच्या भेटीत वाटणी झाली. स्वयंपाकघर बाईंचं, तिथे काही बदलायचं तर आधी त्यांना विचारायचं. गृहस्थांनी कपड्यांचं काम अख्खं घेतलं: वेगळे काढणं, धुणं, वाळत घालणं, घड्या, कपाटात ठेवणं आणि साबण संपत आला हे ध्यानात ठेवणंही. अर्धवट मदतीनं भार हलका होत नाही, कारण काय करायचं ते दर वेळी बायकोलाच सांगावं लागतं. पहिल्या आठवड्यात एक पांढरा सदरा गुलाबी झाला. बाईंनी काही बोलायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. त्यांना ते जड गेलं, पण पाळलं. रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं वही घेऊन बसायचं आणि दोघांचा आठवडा मांडायचा, एकत्र वेळ आणि वेगळा वेळ दोन्ही लिहून.

चौथ्या महिन्यात पुन्हा आठवडाभर नोंद केली. अकरा ते एकचे आकडे सहा-सातवर आले, रात्रीची झोप सलग सहा तासांवर. जुन्या सहकाऱ्यांचे फोन त्यांनी रोजचे आठवड्याला एक केले आणि त्यानंतर लगेच बाहेर पडायचं ठरवलं. दुपारचे चार ते सहा मात्र अजून जड जातात. तिथे घाईनं काही कोंबायचं नाही, असं दोघांनी ठरवलंय. पुढची नोंद तीन महिन्यांनी.