परीक्षेविना दहावी झालेल्या मुलाच्या मनातली शंका

ताई, २०२१ साली दहावी झालेला आणि आता अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला तुमचा मुलगा दोन महिन्यांपासून तासांना जात नाही, रात्रभर जागतो, मित्रांचे फोन उचलत नाही आणि ‘माझे गुण कधी खरे नव्हतेच’ असे म्हणतो. हा आळस आहे की आजार, असे तुम्ही विचारले आहे. मला हा आळस वाटत नाही.

त्या मुलांच्या वाट्याला काय आले ते आठवून पाहा. एप्रिल २०२० मध्ये त्यांची नववीची परीक्षा रद्द झाली, वर्षभराने दहावीची बोर्डाची परीक्षाही रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर लागलेल्या निकालात राज्यातील ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण ठरली. अकरावी प्रवेशासाठी ठरलेली सामाईक परीक्षा उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. मन लावून अभ्यास केलेल्या मुलालाही आपली कुवत पडताळण्याची संधी मिळाली नाही. उलट ‘ढकलपास’ हा शिक्का मात्र बसला, आणि तो मारणारे बहुतेक वेळा घरचेच होते, याचे मला फार वाईट वाटते.

पुढे त्याने बारावीची परीक्षा केंद्रावर बसून दिली, हे तुम्ही त्याला सांगितले असेलच. परंतु उदास मन असे पुरावे मानत नाही, म्हणून वाद घालण्यापेक्षा त्याला नेमके काय जड जाते आहे ते विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

उदासी, कशातच रस नसणे, झोप आणि भूक बिघडणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज दिसत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवे. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. जीव नकोसा वाटतो का, हे त्याला स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, आणि उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

तो सज्ञान आहे, त्यामुळे डॉक्टरांशी त्याला एकट्याला बोलू द्या. औषधे सुरू झाली तर गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या काळात त्याच्यावर विशेष लक्ष ठेवा आणि गोळ्या परस्पर बंद करू नका. हजेरीसाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून, त्याच्या संमतीने, विभागप्रमुखांकडे आत्ताच अर्ज द्यावा, कारण सत्र संपल्यावर सवलत मिळणे अवघड होते.