सस्पेन्सला टाकलेला प्रश्न

"बीकॉम झालंय, टॅलीचा कोर्स झालाय, जीएसटीची रिटर्न्स भरता येतात. टॅक्समध्ये पुढे काहीतरी करावंसं वाटतं, पण मला झेपेल का?"

मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की समोरचा 'बीकॉम' म्हणाला की उरलेलं मी मनातच पुरं करते. विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले, कुणा कर सल्लागाराच्या ऑफिसात चार-पाच वर्षं काढलेले. कामात तरबेज, पण स्वतःबद्दल विचारलं तर "मी काय, नुसत्या एंट्र्या मारते" म्हणणारे. त्यांच्यातल्याच एकीची ही गोष्ट. तिच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ती आली 2025 च्या ऑक्टोबरात. फोनवरच सांगितलं होतं, "मॅडम, 20 तारखेनंतरची वेळ द्या, थ्रीबी असतं." थ्रीबी म्हणजे जीएसटीचं एक रिटर्न. पहिल्या भेटीत दहा मिनिटांत मुद्द्यावर आली.

"सीए करायचं राहून गेलं. बारावीनंतर फाउंडेशन दिली नाही. ते दार तेव्हाच बंद झालं."

"कुणी सांगितलं बंद झालं म्हणून?"

"सगळेच म्हणतात."

"बीकॉमला किती टक्के होते?"

"अठ्ठावन्न."

वाणिज्य पदवीला किमान 55 टक्के असले की फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, न देता थेट इंटरमिजिएटला, म्हणजे दुसऱ्या पायरीला, नोंदणी करता येते. इतर शाखांच्या बहुतेक पदवीधरांसाठी हीच अट 60 टक्क्यांची आहे. हे काही गुपित नाही, सीए इन्स्टिट्यूटच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं आहे. जी मुलगी पार्टीचा जीएसटी नंबर तीनदा ताडून पाहते, तिने स्वतःच्या बाबतीतली ही एक ओळ पाच वर्षं उघडून पाहिली नव्हती. या खुर्चीत बावीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट मला कळली आहे. सगळीकडे काटेकोर असलेला माणूस एकाच ठिकाणी गाफील दिसला, तर तिथलं अज्ञान त्याच्या सोयीचं असतं. दार बंद आहे म्हटलं की ढकलून पाहावं लागत नाही.

मी तसं तिला म्हटलं नाही. तेवढा संयम आता आलाय.

पुढच्या भेटीला ती दुसरी अडचण घेऊन हजर. "कोर्सला आम्ही जीएसटीचे 5, 12, 18, 28 असे दर पाठ केले. 22 सप्टेंबरला 12 गेला, 28 बहुतेक सगळीकडून गेला, 40 नवा आला. इन्कम टॅक्सचा तर अख्खा कायदाच नवा येतोय एप्रिलपासून. आता जे शिकेन ते उद्या शिळं. मग शिकून उपयोग काय?"

प्रश्न खोटा नव्हता. 1961 चा प्राप्तिकर कायदा 31 मार्च 2026 ला थांबून दुसऱ्या दिवसापासून 2025 चा नवा कायदा लागू होणार होता. कलमांचे आकडे बदलणार, 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' ही जोडी जाऊन एकच 'कर वर्ष' येणार.

"तुझे साहेब किती वर्षं आहेत या कामात?"

"तीस तरी असतील."

"त्यांना नव्या कायद्यातलं ऐंशी-सीचं कलम पाठ आहे?"

ती हसली. "कालच मला विचारत होते, बघ गं कितवं झालंय ते."

नवशिक्यासाठी याहून चांगला मुहूर्त मला तरी दिसत नव्हता. तीस वर्षांचा माणूस आणि ती, दोघंही एकाच पानावर. अर्थात जुन्या वर्षांच्या नोटिसांना जुनाच कायदा लागू राहणार, म्हणजे अनुभवी माणसाची किंमत काही संपत नाही. पण उशीर झाला म्हणून मागे राहिले, हे म्हणणं त्या वर्षी तरी टिकत नव्हतं.

इथे थोडं माहितीचं बोलते, कारण हा प्रश्न घेऊन येणारे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालून आणतात. एक म्हणजे काम करण्याचा अधिकार. बीकॉम झालेल्या माणसाला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून पोर्टलवर पीसीटी-01 या फॉर्ममध्ये अर्ज करता येतो. नोंदणी झाली की करदाता पोर्टलवरूनच तुम्हाला नेमू शकतो, तुम्ही त्याची रिटर्न्स भरू शकता, अधिकाऱ्यापुढे त्याची बाजू मांडू शकता. तिला हे माहीतच नव्हतं. ती ज्या साहेबांच्या लॉगिनवरून पाच वर्षं काम करत होती, तसं स्वतःचं लॉगिन तिला पहिल्या वर्षीच मिळू शकलं असतं.

दुसरी गोष्ट पात्रतेची, आणि ती मोठी आहे. टॅक्स ऑडिटवर सही सीएचीच लागते. इंटरला दोन ग्रुपमध्ये मिळून सहा पेपर. प्रत्येक पेपरात 40 आणि ग्रुपच्या एकूण गुणांत 50 टक्के हवेत. टॅक्सेशनचा पेपर अर्धा प्राप्तिकराचा, अर्धा जीएसटीचा, म्हणजे रोज काम करणाऱ्याला निम्मी वाट ओळखीची. 2023 च्या नव्या योजनेपासून आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीनऐवजी दोन वर्षांची झाली. पण ती दोन वर्षं पगार नसतो, स्टायपेंड असतो. माझा आग्रह असा की अभ्यासक्रम उघडण्याआधी घरात बसून हा हिशोब मांडावा. कितीतरी हुशार मुलं पेपरात अडकत नाहीत, या हिशोबात अडकतात, आणि लाजेपायी "अभ्यास झेपला नाही" असं सांगतात.

तिने हिशोब मांडला. बचत होती, भाऊ कमावता होता, जमत होतं. तरी पाय उचलेना. तिसऱ्या भेटीत पुन्हा तेच: "पण नाही झालं तर?" त्याचं उत्तर मिळालं की "आणि झाल्यावर आवडलं नाही तर?" मी एक फेडावं, तिने दुसरं काढावं. माझ्यातली सल्ला देणारी बाई दमली, आणि दमली हे बरंच झालं. मी सल्ले थांबवून तिला तिच्या कामाबद्दल विचारायला लागले.

"ट्रायल बॅलन्समध्ये जमा आणि नावे जुळले नाहीत तर काय होतं तुझं?"

"झोप लागत नाही. एकदा नऊ रुपयांच्या फरकासाठी रात्री साडेनऊपर्यंत बसले होते. आकडे उलटे पडले होते, 54 चे 45."

"आणि नाहीच सापडला फरक?"

"मग सस्पेन्सला, म्हणजे न जुळलेल्या फरकाच्या तात्पुरत्या खात्यात, टाकायचा आणि पुढे जायचं. काम थांबवून कसं चालेल?"

मी काही बोलले नाही. तीही गप्प झाली. मग खाली बघत, टेबलावरचा माझा पेन सरळ करत, अगदी हळू म्हणाली, "मी पाच वर्षं काम थांबवून बसलेय ना?"

हा क्षण माझ्या हुशारीचा होता असं लिहायला मला आवडलं असतं. सस्पेन्स खात्याचं मला तेव्हा नाव तेवढं माहीत होतं. जुळवाजुळव तिची तिने केली. माझं श्रेय असलंच तर इतकंच की त्या शांततेत मी तोंड उघडलं नाही, आणि नव्या समुपदेशकांना शिकवताना मला नेमकी हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते.

मी ज्या विचारपरंपरेत तयार झाले, तिच्यात अस्वस्थतेमागचा हट्ट शोधायला शिकवतात. 'खात्री असावी' आणि 'खात्री असलीच पाहिजे' यांत फरक एका 'च'चा, पण माणूस अडकतो त्या 'च'मध्ये. हिशोबाच्या लोकांत तो मला जास्त सापडतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांचं शिक्षणच शेवटी जुळण्यावर उभं असतं. कराच्या कामात तसं जुळणं नसतं. तिथे एकाच व्यवहाराची दोन वाचनं असतात, अधिकाऱ्याचं एक, आपलं एक. जुळवण्यात पटाईत झालेल्या माणसाला तिथे आपण कच्चे आहोत असं वाटतं. तो कच्चा नसतो, त्याला फक्त शिल्लक फरक घेऊन झोपायची सवय नसते.

(हाच सस्पेन्सचा प्रश्न मी नंतर दोघा-तिघांना मुद्दाम विचारून पाहिला. ढिम्म काही झालं नाही. एकाने तर मला सस्पेन्सची एंट्री कशी करतात ते कागदावर काढून दाखवलं.)

"मग 'जमेल की नाही' हे सस्पेन्सला टाकायचं?" मी विचारलं.

"टाकते. पण मॅडम, सस्पेन्स तसाच ठेवता येत नाही. वर्षअखेरीला शून्य करावा लागतो, नाहीतर ऑडिटर धरतो."

"मग तारीख सांग."

"31 डिसेंबर."

तारीख तिची, म्हणून मी वाद घातला नाही. 31 तारखेला संध्याकाळी ती आली. जीएसटी प्रॅक्टिशनरचा अर्ज भरून झाला होता, इंटरची नोंदणीही केली होती, दोन्ही ग्रुपची. साहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी म्हणाले, "आता थ्रीबी कोण बघणार?" आणि मग संध्याकाळी स्वतःहून म्हणाले की आर्टिकलशिपसाठी ओळखीच्या फर्मला फोन करतो. भीती गेली का, असं मी विचारलं. "नाही," ती म्हणाली, "आहे. वेगळ्या खात्यात आहे."

निघताना मी नेहमीसारखी फीची पावती फाडून दिली. तिने ती घडी न घालता वाचली आणि परत माझ्यासमोर ठेवली.

"मॅडम, तारीख टाकली नाहीत."