वरच्या मजल्यावर पाणी आलेलं बघ

पोरी,

परवा अग्निशमन दलाची आणि वनरक्षकाची अशा दोन जाहिराती पुढ्यात ठेवून विचारलंस, "काका, यात जास्त मान कशाला?" मला राग आला होता. तू गेल्यावर कळलं, मानाचा प्रश्न तुझा नव्हताच, बाबांचा होता.

तुझ्या डोळ्यांसमोर बंबाची घंटा आहे. नोकरीचा बराचसा भाग इमारतींच्या तपासणीत, जिने चढण्यात जातो. महाराष्ट्राच्या २००६च्या कायद्याने आगीपासून बचावाची जबाबदारी इमारतीच्या मालकावर, भोगवटादारावर टाकली. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं 'नमुना ब' प्रमाणपत्र त्यांनी द्यायचं. कागद चोख येतो, आगीच्या पंपाच्या पॅनेलवर दिवाही लागलेला असतो. तरी तू शेवटच्या मजल्यावर जा, हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, उघड आणि पाणी आलेलं बघ.

दलात असताना मी एकदा नाही बघितलं. मे महिना, दिवसातली चौथी इमारत, गुडघा ठणकत होता. सेक्रेटरींनी सरबत दिलं आणि मी खालीच बसून 'यंत्रणा कार्यरत' लिहिलं. सहा महिन्यांनी सातव्या मजल्यावर स्वयंपाकघर पेटलं. आमच्या पोरांनी हायड्रंट उघडला, तर नुसती हवा! पाइप कुठेतरी गळत होता, त्यामुळे जॉकी पंप, म्हणजे पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप, रात्रभर चालू-बंद व्हायचा. झोपमोड नको म्हणून वॉचमनने पॅनेल 'मॅन्युअल'वर टाकलेलं, म्हणजे पंप आपोआप सुरू होणं बंद. बंबापासून होज वर चढवेपर्यंत एका आजोबांचे हात भाजले. ते हात मी बघितलेत.

त्यानंतर मी खडूस झालो. साहेब पैशासाठी अडवतात, असंही लोक बोलले. छदाम घेतला नाही. तुझी काकू अजून म्हणते, जरा गोड बोलला असतात तर बढती वेळेवर मिळाली असती. असेल. पण पाणी बघितल्याशिवाय पुन्हा सही केली नाही, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. जाऊ दे, हे माझंच पुराण झालं.

वनखात्यात जिन्याऐवजी डोंगर असेल, एवढाच फरक. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात. पट्ट्यातलं गवत कापून, वारा पडलेला बघून जाळून टाकतात, म्हणजे वणवा तिथे अडतो. कागदावर ती रेष अखंड दिसते. तू चालून बघ! मध्ये दहा पावलं गवत राहिलं तरी वणव्याला तेवढी वाट पुरते. उपग्रहाची सूचना मोबाइलवर येते, पण पेटल्यावर. गवत जाळलं की पुढचं जोमाने येतं, असं मानून काडी लावणारा माणूस उपग्रहाला दिसत नाही. त्याच्या ओट्यावर आधीच जाऊन बसावं लागतं.

दोन्ही अर्ज भर. वनरक्षकासाठी मुलींना ३ किलोमीटर धावावं लागतं, तेव्हा उद्यापासून पहाटे तळजाईच्या टेकडीवर धावायला जा. बाबांशी मी बोलतो.

आणि रविवारी घरी ये. आमच्याच सोसायटीचा पंप चालवून बघू. सेक्रेटरी मला बघून लिफ्टमध्ये शिरतात, त्यांना तू जिन्यात गाठ.

तुझा,
काका