बहुतेक मळच असेल

या खेपेची पत्रं वाचताना एक वाक्य किती जणांनी लिहिलंय ते मोजायला घेतलं आणि सहाव्या पत्राला नाद सोडला : ‘बहुतेक मळच असेल.’ कानाला काहीही होवो, आपल्याकडे खापर मळावर. तेव्हा सुरुवात मळापासूनच.

मुलाच्या कानातला मळ काढायला लसूण घालून कोमट केलेलं तेल किती थेंब सोडावं? (देवगड)

एकही नाही. मळ आपला आपण बाहेर सरकतो. बाहेर दिसेल तेवढा रुमालाने पुसा.

दर पावसाळ्यात कान खाजतो. बड्सने साफ करते, तरी काळपट काहीतरी येतं. मळच ना? (संगमेश्वर)

बड्सने साफ करता, म्हणूनच येतं. ही बहुतेक बुरशी आहे. पावसाळ्यात आपल्याकडे चपलेला बुरशी येते, पापडाला येते. कानाची नळी तर जेमतेम अडीच सेंटीमीटरची, आतून बंद आणि ओलसर. बड्सने तिथली कातडी सोलते, तेलाने बुरशीचं फावतं. दुकानातून मनाने थेंब आणू नका. पडद्याला भोक असेल तर काही थेंब आतल्या कानाला घातक ठरतात. आधी कान दाखवा.

यजमान तीस वर्षं ट्रॉलरवर इंजिन सांभाळतात. हल्ली टीव्ही मोठ्याने लावतात. विचारलं तर म्हणतात, ‘माका आयकाक येता, पण समजणा नाय.’ मळ काढून घ्यावा का? बाजारात दीड हजाराचं कानाचं मशीन मिळतं, ते चालेल का? (मालवण)

ताई, यजमानांनी स्वतःच्या दुखण्याचं वर्णन माझ्यापेक्षा नेमकं केलंय. पडद्यामागे तीन हाडं असतात. शेवटचं, रिकिबीच्या आकाराचं, जेमतेम तीन मिलिमीटर. ते पडद्याची थरथर आतल्या कानातल्या पाण्यात पोचवतं. तिथे शंखासारखी पावणेतीन वेढ्यांची नळी आहे, आणि तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी. त्या थरथरीचे विजेचे संदेश करून नसेकडे धाडतात. मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, त्याला ना तेल ना गोळी.

शंखाच्या तोंडाशी बारीक, उंच आवाज ओळखले जातात, आत टोकाला जाड आवाज. इंजिनाचा मार बसतो तो तोंडाकडच्या भागाला, बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास. ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात तिथे खड्डा दिसतो. अ, आ, ओ शाबूत राहतात; स, फ, त विरतात. म्हणून आवाज येतो, शब्द लागत नाही. माझ्याकडे आलेल्या एका तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, जेट्टीवरच्या लिलावात सात की आठ कळेना; मुलगा शेजारी उभा राहून बोटं दाखवायचा. तरी दाखवायला आला पाच वर्षांनी!

85 डेसिबल आठ तास, ही साधारण मर्यादा. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. इंजिनाच्या खोलीत ओरडून बोलावं लागत असेल तर मर्यादा ओलांडलीच म्हणून समजा. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. कान झाकणारे मफ किंवा फोमचे प्लग लागतात.

आणि ते दीड हजाराचं मशीन! ते सगळंच मोठं करतं, हरवलेला ‘स’ही आणि गोंगाटही. उरलेल्या पेशींवर आणखी मारा. श्रवणयंत्र आलेखाप्रमाणे बसवायचं असतं. आलेख न मागता मशीन विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा यजमान घरीच असतील. त्या दिवसांत तज्ज्ञाला कान दाखवून ऑडिओमेट्री, म्हणजे ती आलेखाची तपासणी, करून घ्या. मळ असला तर तोही तिथेच निघेल.

शंख कानाला लावला की समुद्र ऐकू येतो, तो कुठून येतो? (इयत्ता सातवी, गुहागर)

समुद्र नसतो. आजूबाजूचा बारीक गलबला शंखाच्या पोकळीत घुमतो. कप लावून बघ, तोही घुमेल.

चार दिवसांपूर्वी सकाळी उठलो तो डावा कान एकदम बंद, आत शिट्टी वाजते. शेजारी म्हणाले सर्दीने दडे बसलेत, उतरतील. थांबू का? (राजापूर)

नाही. एका कानाचं ऐकू येणं असं अचानक गेलं तर ते नसेचं दुखणं असू शकतं. त्यावर स्टेरॉइड देतात आणि ते पहिल्या काही दिवसांत द्यावं लागतं. दोन आठवडे उलटले की आशा झपाट्याने कमी होते. दडेच निघाले तर उत्तम, पण ते ठरवणार तपासणी, शेजारी नव्हे. पत्राखाली फोन नंबर होता, म्हणून हे छापून यायची वाट न बघता त्याच संध्याकाळी कळवलं. पलीकडून पहिलं वाक्य आलं, ‘डॉक्टर, मला वाटलं मळच असेल.’